एकदाच दिसलेला नवरंग

ज्याला फक्त मागची एक ओळ आठवते, असा एक प्रोग्रॅम आहे. त्याचं नाव युनिक. वयानं तो तुमच्या आईबाबांहून मोठा. त्याला खिडकी नाही, बटणं नाहीत, चित्रं नाहीत. टर्मिनल म्हणतात त्या काळ्या पडद्यावर त्याचं नाव टाइप करून एंटर दाबलं, की तो कामाला लागतो. काम एवढंच, की एकाखाली एक ओळी वाचत जायच्या आणि आधीच्या ओळीसारखीच ओळ लगेच पुन्हा आली तर ती गाळायची. माझी सगळी नोकरी अशा प्रोग्रॅमांच्या संगतीत गेली, त्यामुळे मला त्याच्याविषयी माया आहे. पण माया बाजूला ठेवूनही सांगतो मुलांनो, या एवढ्याशा प्रोग्रॅमचं बोट धरून चाललं, तर माणूस मलायाच्या जंगलातल्या न सापडलेल्या फुलपाखरांपर्यंत पोचतो. कसा, ते ऐका.

यंदा मे महिना सरता सरता माझी नात आणि धाकटा नातू कोकणात माझ्याकडे आले. परसात दिसेल तो पक्षी लिहून ठेवायचा, असा त्यांनी आपणच बेत केला. एका ओळीवर एक पक्षी. नात तिच्या मोबाइलवर लिही, धाकटा माझ्या संगणकावर. एकानं पाहिलेला पक्षी दुसऱ्यानं त्याच वेळी लिहायचा नाही, हा नियम. पुढे दोघांच्या याद्या मी एका फाइलीत एकत्र केल्या, तेव्हा ४० ओळी भरल्या. धाकट्याला घाई होती. ‘आजोबा, आपण किती प्रकारचे पक्षी पाहिले?’

‘युनिकला विचारूया,’ मी म्हणालो.

फाइलीची सुरुवात अशी होती: कावळा, कावळा, चिमणी, साळुंकी, साळुंकी, कावळा. मी युनिक चालवला. पडद्यावर उमटलं: कावळा, चिमणी, साळुंकी, कावळा. पुढे खाली अजून कितीतरी कावळे.

‘हा बिघडलाय,’ धाकटा म्हणाला. ‘कावळा परत आलाच की!’

बिघडला नव्हता. देवळाच्या दारात एक माणूस उभा आहे आणि त्याला नुकत्याच आत गेलेल्या माणसाचा तेवढाच चेहरा आठवतो, असं समजा. तोच माणूस पाठोपाठ पुन्हा आला तर तो त्याला ओळखून अडवील. पण मध्ये दुसरं कुणी येऊन गेलं, की पहिल्याची ओळख पुसली. युनिक तसा आहे. पहिले दोन कावळे पाठोपाठ आले म्हणून त्यानं दुसरा गाळला. मध्ये चिमणी आणि साळुंक्या येऊन गेल्या, आणि पुढचा कावळा त्याला नवाच वाटला.

मग असा विसरभोळा प्रोग्रॅम लिहिला तरी कुणी, आणि का?

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात मरे हिल नावाचं गाव आहे. तिथं बेल लॅब्ज ही टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा होती. १९६९ मध्ये तिथं केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची संगणकप्रणाली उभारायला घेतली. तुमच्या खिशातल्या मोबाइलच्या आत आज जे चालतं, त्याची कुळी तिथवर जाते. १९७१ मध्ये त्यांच्याकडे जो संगणक होता, त्याची स्मरणशक्ती अवघी २४ किलोबाइट होती. त्यातली १६ प्रणालीलाच लागायची, आणि उरलेल्या ८ किलोबाइटमध्ये बाकी सगळ्या प्रोग्रॅमांनी आपापलं काम उरकायचं. तुम्ही मोबाइलवर काढलेला पक्ष्याचा एक फोटो त्या अख्ख्या संगणकात मावला नसता. अशा ठिकाणी ‘मी आतापर्यंतच्या सगळ्या ओळी लक्षात ठेवीन’ असं म्हणणारा प्रोग्रॅम मोठी फाइल आली की गुदमरला असता.

युनिक १९७३ मध्ये युनिक्सच्या तिसऱ्या आवृत्तीत आला. १९७९ च्या सातव्या आवृत्तीतला त्याचा मूळ मजकूर आजही वाचायला मिळतो आणि तो मला फार आवडतो. त्यात हजार-हजार अक्षरांच्या दोन जागा राखून ठेवल्या आहेत. एका जागी मागची ओळ, दुसऱ्या जागी आताची. दोन्ही ताडून पाहायच्या. सारख्या असतील तर पुढची ओळ घ्यायची. वेगळ्या असतील तर मागची छापायची आणि जागांची अदलाबदल करायची. बस्स. फाइल शंभर ओळींची असो की शंभर कोटींची, त्याला लागणारी जागा तेवढीच. विसरण्याची ही युक्ती ज्यांना सुचली, त्यांच्याविषयी मला आदर वाटतो.

‘पण मग कावळ्यांचं काय?’ नातीनं विचारलं. प्रश्न रास्त होता.

कावळे एकत्र आणायचं काम युनिकचं नाही, ते सॉर्टचं. सॉर्ट हा दुसरा प्रोग्रॅम. तो ओळी अकारविल्हे लावतो. सगळे कावळे एकाखाली एक, मग चिमण्या, मग दयाळ. खरं कष्टाचं काम हेच आहे. फाइल फार मोठी असेल तर सॉर्ट तिचे तुकडे करतो, एकेक तुकडा लावून डिस्कवर ठेवतो, आणि शेवटी सगळ्या तुकड्यांची वरची ओळ पाहत पाहत त्यांना एकमेकांत मिसळतो. ते झालं की युनिकला मागची एक ओळ आठवली तरी पुरते, कारण सारख्या ओळी आता एकमेकींना चिकटूनच आलेल्या असतात.

आता एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात ओळी जायच्या कशा? बेल लॅब्जमध्येच डग मॅकिलरॉय नावाचे गणिती होते. ऑक्टोबर १९६४ मध्ये त्यांनी एका टिपणात लिहून ठेवलं होतं, की बागेतल्या नळीला हवा तेव्हा पुढचा तुकडा जोडता येतो, तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. तेव्हा युनिक्सचा जन्मही झाला नव्हता. पुढे ते थॉम्पसनच्या मागे लागले, लागतच राहिले, आणि १९७३ मध्ये थॉम्पसननं एका रात्रीत ती सोय प्रणालीत बसवली. तिचं नाव पाइप. आज कीबोर्डवरची उभी रेघ दोन प्रोग्रॅमांच्या मध्ये टाकली, की पहिल्याच्या ओळी थेट दुसऱ्याच्या तोंडात पडतात. पाइप आणि युनिक एकाच वर्षीचे, हे लक्षात घेतलं म्हणजे युनिक इतका छोटा का ठेवता आला तेही उमगतं. शेजारी सॉर्ट आहे, हा भरवसा त्याच्या घडणीतच होता.

मी फाइल सॉर्टमधून काढून युनिकला दिली. आठ-नऊ नावं उरली. धाकटा खूश झाला आणि उठायला लागला. मी त्याला थांबवलं, कारण गंमत आता कुठे सुरू होत होती.

त्याआधी एक छोटी गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, नाहीतर कोणी म्हणेल की सॉर्टशिवाय युनिक निकामी. आमच्या घरात एक तापमापक आहे, तो दर मिनिटाला एक आकडा फाइलीत लिहितो. २७, २७, २७, २८, २८, २७. हे युनिकला सरळ दिलं तर २७, २८, २७ असं येतं. म्हणजे तापमान चढलं आणि पुन्हा उतरलं, ही हकिगत जशीच्या तशी राहिली आणि नुसती कंटाळवाणी आवर्तनं गेली. हेच आधी सॉर्ट केलं असतं तर २७ आणि २८ एवढेच दोन आकडे उरले असते, हकिगत गेली असती. जिथं क्रमाला अर्थ आहे तिथं युनिकचं विसरणं हेच शहाणपण ठरतं. सॉर्ट केव्हा करायचं आणि केव्हा नाही, हे मात्र आपल्याला कळायला हवं. ते युनिक सांगणार नाही.

आता गंमत. युनिकला नावापुढे ‘वजा सी’ असं चिन्ह दिलं, की तो गाळलेल्या ओळी नुसत्या टाकून देत नाही, मोजतो. प्रत्येक ओळीच्या आधी ती किती वेळा आली तो आकडा छापतो. मी तसं केलं आणि पुढे आणखी एक सॉर्ट जोडून मोठा आकडा वर घेतला. कावळा ११, साळुंकी ९, चिमणी ७, बुलबुल ६, दयाळ ३. त्याखाली एकेकदा दिसलेले: भारद्वाज १, नवरंग १, पांढऱ्या छातीचा खंड्या १, आणि पुन्हा, त्याच्याच शेजारी, पांढऱ्या छातीचा खंड्या १.

अशा दोन-चार प्रोग्रॅमांच्या साखळीत किती ताकद असते, यावरून १९८६ मध्ये एक प्रसिद्ध प्रसंग घडला. जॉन बेंटली यांच्या एका संगणकविषयक सदरासाठी डोनाल्ड क्नुथ या थोर संगणकशास्त्रज्ञानं एक प्रोग्रॅम लिहिला. एखाद्या मजकुरात सगळ्यात जास्त वेळा येणारे शब्द कोणते, हे तो शोधायचा. कित्येक पानांचा, बारकाईनं रचलेला, स्पष्टीकरणासकट निबंधासारखा वाचता येणारा. त्याचं परीक्षण केलं मॅकिलरॉय यांनी. त्यांनी क्नुथच्या कौशल्याची वाखाणणी केली आणि मग तेच काम सहा छोट्या आज्ञांच्या साखळीत करून दाखवलं. शब्द सुटे करा, मोठी अक्षरं लहान करा, सॉर्ट, युनिक वजा सी, पुन्हा सॉर्ट, वरचे हवे तितके घ्या. लोक अजून भांडतात की जिंकलं कोण. मला हे भांडण पटत नाही. प्रोग्रॅम वाचनीय कसा लिहावा हे दाखवायला क्नुथला सांगितलं होतं आणि ते त्यांनी दाखवलं. पण ‘सॉर्ट, युनिक वजा सी, सॉर्ट’ ही तीन पावलं तेव्हापासून जगभरच्या कामकरी लोकांच्या बोटांत बसली आहेत, हेही तितकंच खरं.

आपल्या खंड्याकडे येऊ. एकच पक्षी दोन ओळींत का?

नातीनं डोळे बारीक करून पाहिलं. ‘दोन्ही सारखंच लिहिलंय, आजोबा.’ धाकट्यानं काना-मात्रा तपासल्या. काही फरक नव्हता. शेवटी ओळीच्या टोकाला एखादी मोकळी जागा तर राहिली नाही ना, ते मी पाहिलं. पुष्कळदा तेच कारण असतं. तेही नव्हतं. मग मी दोन्ही ओळी संगणकाला जशा दिसतात तशा, आकड्यांच्या रूपात उलगडून दाखवल्या, आणि चोर सापडला ‘ऱ्या’मध्ये.

आपल्या मराठीत ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘पांढऱ्या’ या शब्दांत जो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र येतो, तो संगणकावर दोन वाटांनी लिहिता येतो. एका वाटेनं, खाली टिंब असलेला स्वतंत्र ऱ घ्यायचा आणि त्याचा पाय मोडायचा. हे झाले ६ बाइट. दुसऱ्या वाटेनं, साधा र घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा, आणि पुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह ठेवायचं. हे झाले ९ बाइट. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. नातीच्या मोबाइलनं एक वाट धरली होती, माझ्या संगणकानं दुसरी. आपण डोळ्यांनी वाचतो. युनिक अक्षरांमागचे आकडे ताडतो, आणि त्याच्या लेखी हे दोन निराळे पक्षी होते. मराठीच्या याद्यांवर काम करणाऱ्या प्रत्येकानं ही गोष्ट लक्षात ठेवावी. मतदारयादी असो, ग्रंथालयाची सूची असो, की शाळेचा पट, या पापणीच्या र-पाशी तुमची माणसं दुभंगू शकतात.

मी सगळीकडे एकच वाट करून घेतली आणि साखळी पुन्हा चालवली. खंड्या २.

नावांचा घोळ आणखी एका प्रकारे होतो. साळुंकी हीच कुणाची साळुंखी, कुणाची मैना. एकाच पक्ष्याला गावोगाव वेगळी नावं. मारुती चितमपल्लींनी जंगलांतून हिंडून, आदिवासींकडून नावं गोळा करून मराठीत पक्षिकोश केला, ते काम किती मोलाचं आहे हे अशा वेळी कळतं. ही दोन नावं एकाच पक्ष्याची आहेत, हे ठरवणं कुठल्याही सॉर्ट-युनिकच्या आवाक्यातलं नाही. ते पक्षी ओळखणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

आता यादीच्या तळाशी पाहा. भारद्वाज १, नवरंग १. युनिकला ‘वजा डी’ असं चिन्ह दिलं तर तो फक्त पुन्हा पुन्हा आलेल्या ओळी दाखवतो. ‘वजा यू’ दिलं तर फक्त एकदाच आलेल्या. मी ‘वजा यू’ चालवला आणि हे दोघेच पडद्यावर उरले. नवरंग पावसाच्या तोंडावर कोकणात येतो, जमिनीवरच्या पाल्यापाचोळ्यात किडे शोधत उड्या मारतो, आणि अंगावर इतके रंग असूनही सावलीत सहज हरवतो. नातीला तो फणसाखाली क्षणभर दिसला. एकदाच.

‘कावळे खूप दिसले ते महत्त्वाचं, की नवरंग एकदा दिसला ते?’ धाकट्यानं विचारलं. त्याला वाटलं, आजोबा म्हणतील दोन्ही. पण मी त्याला म्हटलं, की न दिसलेल्या पक्ष्यांविषयी काही कळून घ्यायचं असेल, तर ते हे एकदाच दिसलेलेच सांगू शकतात.

दोघंही माझ्याकडे पाहत राहिली. न दिसलेल्यांविषयी यादी कशी सांगेल?

असा विचार करा. तुमच्या ४० ओळींतली कुठलीही एक ओळ उचला आणि समजा की तीच सगळ्यात शेवटी लिहिली गेली. ती लिहिताना तो पक्षी तुम्हाला नवा होता का? बाकीच्या ३९ ओळींत तो कुठेच नसेल, तरच नवा. म्हणजे ज्याची ओळ एकदाच आली आहे, तोच. ४० पैकी अशा ओळी २. म्हणून पुढची जी ४१ वी ओळ तुम्ही लिहाल, ती अगदी नव्या पक्ष्याची असण्याचा संभव साधारण ४० त २, म्हणजे २० त १. हा विचार मुळात ॲलन ट्युरिंग यांचा. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्क इथं जर्मनांच्या गुप्त लिपी फोडताना त्यांना तो सुचला. त्यांचे सहकारी आय. जे. गुड यांनी १९५३ मध्ये तो शास्त्रशुद्ध मांडून छापला, आणि ट्युरिंगचं श्रेय त्यांना दिलं.

आणि आता खंड्या आठवा. ‘ऱ्या’चा घोळ सापडला नसता, तर एकदाच दिसलेल्या ओळी ४ ठरल्या असत्या. २० त १ ऐवजी १० त १. एका न दिसणाऱ्या जोडचिन्हानं नव्या पक्ष्याची आशा दुप्पट केली असती, आणि ती खोटी असती.

आता मलायाची गोष्ट. अलेक्झांडर कॉर्बेट नावाचे एक इंग्रज निसर्गअभ्यासक होते. वाघांच्या गोष्टी लिहिणारे जिम कॉर्बेट ते हे नव्हेत. हे फुलपाखरांचे. त्यांनी मलायात फुलपाखरं पकडून प्रत्येक जातीची किती सापडली याची नोंद केली. ११८ जाती अशा निघाल्या, की त्यांचं एकेकच फुलपाखरू हाती आलं. ७४ जातींची दोन-दोन, ४४ जातींची तीन-तीन, २४ जातींची चार-चार. असं करत ते २४ पर्यंत गेले. पाहा, ही आपलीच साखळी आहे, फक्त दोनदा चालवलेली. आधी प्रत्येक जात किती वेळा आली ते मोजायचं, आणि मग आलेल्या आकड्यांनाच ओळी समजून तो आकडा किती वेळा आला ते मोजायचं. कॉर्बेटनी हे हातानं केलं.

मग त्यांनी रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञांना एक प्रश्न विचारला. मी परत जाऊन तितकाच काळ पुन्हा जाळं टाकलं, तर मला किती नव्या जाती सापडतील? म्हणजे ज्यांचं एकही फुलपाखरू अजून सापडलेलं नाही, अशा. विचार करा मुलांनो, केवढं धाडस आहे या प्रश्नात! जे पाहिलंच नाही, ते मोजून द्या असं तो म्हणतो. फिशर यांनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही. १९४३ मध्ये फिशर, कॉर्बेट आणि विल्यम्स नावाचे आणखी एक अभ्यासक अशा तिघांनी मिळून त्यावर शोधनिबंध लिहिला, आणि प्राण्यांच्या जाती मोजण्याच्या शास्त्रात तो अजूनही पायाचा धरतात.

पुढे १९५६ मध्ये गुड आणि टुलमिन यांनी याच प्रश्नाचं इतकं सोपं उत्तर काढलं, की ते तुम्हाला पाटीवर करता येईल. एकदा सापडलेल्या जाती घ्या, त्यांतून दोनदा सापडलेल्या वजा करा, तीनदा सापडलेल्या मिळवा, चारदा सापडलेल्या वजा करा, आणि असंच पुढे. ११८ वजा ७४ झाले ४४. अधिक ४४ झाले ८८. वजा २४ झाले ६४. पाचदा सापडलेल्या २९, ते मिळवून ९३. सहादा सापडलेल्या २२, ते वजा करून ७१. अशी ही बेरीज वरखाली झुलत झुलत २४ व्या आकड्यापर्यंत जाते आणि ७५ वर थांबते. तितकाच काळ पुन्हा जाळं टाकलं, तर सुमारे ७५ नव्या जाती.

हे वजा-अधिक का चालतं याची सिद्धता कॉलेजात गेलात की समजेल. अवघड नाही, पण त्याला संभाव्यतेचं गणित लागतं. मात्र एक मर्यादा आताच सांगून ठेवतो. ही रीत तितक्याच काळापुरती भरवशाची आहे. पाचपट, दहापट काळाचं विचारलं, तर बेरजेतले पुढचे आकडे फुगत जातात आणि ती वाटेल तशी हेलकावे खाऊ लागते. जितकं पाहिलं आहे त्याच्या फार पलीकडचं गणितालाही दिसत नाही.

तैवानमधल्या ॲन चाओ यांनी १९८४ मध्ये आणखी एक सूत्र दिलं. अजून न दिसलेल्या जाती कमीत कमी किती असतील, ते सांगणारं. एकदा दिसलेल्यांच्या संख्येचा वर्ग करा आणि त्याला दोनदा दिसलेल्यांच्या दुपटीनं भागा. आपल्या परसात एकदा दिसलेले २, दोनदा दिसलेला १. दोनाचा वर्ग ४, भागिले २, उत्तर २. निदान दोन जातींचे पक्षी आमच्या परसात वावरताहेत आणि मुलांच्या यादीत आलेले नाहीत. नातीनं लगेच एक ओळखला. पावशा! तो रोज सकाळी कानीकपाळी ओरडत होता, पण दिसेल तोच लिहायचा या नियमामुळे यादीबाहेर राहिला होता. ४० ओळी या हिशेबाला फारच थोड्या, आणि तेच ते कावळे पुन्हा पुन्हा मोजले गेलेले, म्हणून या दोनावर मी पैज लावणार नाही. पण ‘ऱ्या’चा घोळ तसाच असता तर दोनदा दिसलेला एकही पक्षी यादीत नसता, आणि शून्यानं भागायची पाळी येऊन सूत्रच अडून बसलं असतं.

आता हे सगळं पक्षी-फुलपाखरांपुरतं राहिलेलं नाही. मूठभर मातीत किंवा तळ्याच्या पेलाभर पाण्यात कुठकुठले जीवाणू आहेत ते पाहायचं, तर शास्त्रज्ञ त्यातला डीएनए यंत्राला वाचायला देतात. यंत्राकडून येतात ए, सी, जी, टी या चार अक्षरांच्या लाखो, कधी कोट्यवधी ओळी. सारख्या ओळी एकत्र करायच्या आणि प्रत्येक किती वेळा आली ते मोजायचं, ही तिथली सुरुवातीचीच पायरी असते. आज त्यासाठी खास प्रोग्रॅम आहेत, पण घाईच्या वेळी पुष्कळ जण टर्मिनल उघडून सॉर्ट आणि युनिक वजा सी हेच वापरतात.

आणि तिथंही खंड्याचा घोळ होतो. यंत्रानं वाचताना एखादं अक्षर चुकवलं, की ती ओळ जगात कुणासारखीच राहत नाही. ती मोजणीत एकटी पडते आणि एखाद्या दुर्मीळ जीवाणूसारखी दिसते. अशा एकुलत्या ओळी ढिगानं निघतात. त्यांतल्या बऱ्याचशा नुसत्या चुका असतात, आणि थोड्या खरोखरच दुर्मीळ जीव.

‘मग एकट्या ओळी सरळ फेकून द्यायच्या?’ नातीनं विचारलं.

बरेच जण तसं करतात, आणि त्याला कारणही आहे. चुका जातात, यादी स्वच्छ होते. पण त्याबरोबर नवरंगही जातो. शिवाय एकदाच दिसलेल्यांना काढून टाकलेल्या यादीवर चाओंचं सूत्र चालवलं तर काय होईल, ते दोघांनी तिथंच कागदावर करून पाहिलं. वर शून्याचा वर्ग, म्हणून उत्तर शून्य. न दिसलेलं काहीच उरलं नाही, असं ते सूत्र छातीठोक सांगतं, मग मातीत काहीही असो. म्हणून चांगले अभ्यासक आधी विचारतात, की ही यादी माझ्या हाती येण्यापूर्वी कुणी एकट्या ओळी गाळल्या आहेत का. गाळल्या असतील तर त्या यादीवर ते हे सूत्र लावतच नाहीत. मूळ फाइल मागवतात, आणि एकेकटी ओळ तिथं जाऊन पाहतात.